बस तिकडून सुटते, पण इकडे उतरवून कोण घेणार? आपत्तीचे प्लॅन बनवणाऱ्यांना खुलं पत्र

आपत्ती व्यवस्थापनाचे प्लॅन बनवणारे सगळे साहेब आणि मॅडम,

सप्रेम नमस्कार. पत्र लांबलंय, पण हेच सगळं थोडक्यात बऱ्याच लोकांनी बऱ्याच वेळा सांगून झालंय आणि दरवेळी "नोंद घेण्यात आली आहे" यापुढे गाडी जात नाही, म्हणून आता सगळ्यांसमोर सविस्तर लिहितोय.

आम्ही कोण ते आधी सांगतो. तुमच्या नकाशावर पुराचा भाग निळा असतो, वणव्याचा लाल असतो, आणि उरलेला सगळा पांढरा. आम्ही त्या पांढऱ्या भागात राहतो. आमचं घर पडलेलं नसतं, आमच्या डोक्यावर हेलिकॉप्टर घिरट्या घालत नसतं, त्यामुळे तुमच्या कुठल्याच यादीत आम्ही नसतो. पण घर सोडून आलेली माणसं कुठे येतात, तर आमच्याकडे. आमच्या शाळेत, आमच्या हॉलमध्ये, आमच्या दवाखान्याच्या लाइनीत आणि खूपदा थेट आमच्या घरातल्या बाहेरच्या खोलीत.

तुमचे प्लॅन आम्ही वाचतो बरं का. बाहेर काढायचं कसं यावर पानंच्या पानं असतात, सायरन कधी वाजवायचा, कुठला रस्ता वन-वे करायचा, बोटी किती, अंथरुणाला खिळलेल्यांना कोण उचलणार, सगळं. आणि मग शेवटी एक ओळ येते, "नागरिकांना सुरक्षित स्थळी हलवण्यात येईल." संपला प्लॅन. ते सुरक्षित स्थळ म्हणजे रिकामं मैदान असल्यासारखं लिहिलेलं असतं. अहो तिथे आधीच माणसं राहतात, त्यांना पाणी दिवसाआड येतं की रोज, त्यांच्या दवाखान्यात खाटा किती, त्यांच्या शाळेत एका बाकावर किती मुलं बसतात, हे कुठे लिहिलंय?

गैरसमज नको म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगतो. माणसं बाहेर काढू नका असं कोणीही म्हणत नाहीये. ओडिशाचं उदाहरण सगळ्यांना माहितीये, 1999 च्या चक्रीवादळात जवळपास 10 हजार माणसं गेली, आणि 2013 मध्ये फायलिन आलं तेव्हा 10 लाखांच्या आसपास लोक आधीच हलवले होते आणि मृत्यूंचा आकडा काही डझनांवर थांबला. 2019 च्या फनी वादळात तर 12 लाख लोक हलवले. हे काम ज्यांनी केलं त्यांना सलामच. पण यातली बहुतेक माणसं थोड्या दिवसांत आपापल्या घरी किंवा घराच्या जागी तरी परत गेली. आमचं म्हणणं त्या वेळेबद्दल आहे जेव्हा परत जायला घरच उरत नाही, किंवा गाव आहे पण तिथे राहता येत नाही, आणि तुमचा प्लॅन मात्र अजून थोड्या दिवसांच्याच हिशोबावर चाललेला असतो.

पाहुणचाराची गोष्ट निघाली की सगळे गँडरचं उदाहरण देतात. कॅनडातलं जेमतेम 10 हजार वस्तीचं गाव, 11 सप्टेंबर 2001 ला अमेरिकेचं आकाश बंद झालं तेव्हा तिथे 38 प्रवासी विमानं उतरवली गेली आणि साडेसहा हजाराच्या वर माणसं अचानक गावात आली. गावाने त्यांना जेवू घातलं, झोपायला जागा दिली, घरातली बाथरूम उघडून दिली. सुंदर गोष्ट आहे, खोटी अजिबात नाही. पण ती पाच-सहा दिवसांची गोष्ट आहे! त्या प्रवाशांची घरं शाबूत होती, नोकऱ्या शाबूत होत्या, विमानं रनवेवरच उभी होती. ती माणसं पाच महिने राहिली असती तर काय झालं असतं हे त्या गोष्टीत कुठेच येत नाही, आणि आमचा खरा प्रश्न तोच आहे. आपत्तीवर काम करणारे लोक स्वतःच सांगतात की सुरुवातीला एक हनिमून फेज असते, सगळे एकमेकांना मिठ्या मारतात, आणि मग हळूहळू वैताग सुरू होतो. म्हणजे हे होणार हे माहितीये तुम्हाला. मग प्लॅन फक्त हनिमूनचाच का?

आता जरा हिशोब करू. मदतकार्यात जगभर स्फिअर नावाचे किमान निकष वापरतात, ते तुम्हाला आमच्यापेक्षा चांगले पाठ असतील. माणशी दिवसाला किमान 15 लिटर पाणी, माणशी साडेतीन चौरस मीटर छताखालची जागा, 20 माणसांमागे एक संडास, आणि बायकांसाठी पुरुषांच्या तिप्पट संडास. ऐकायला फार कमी वाटतं ना? समजा 10 हजार माणसं आली. रोजचं दीड लाख लिटर पाणी झालं, म्हणजे 10 हजार लिटरचे 15 टँकर, रोज, सुट्टी नाही. संडास 500. अगदी सुरुवातीची घाई म्हणून 50 माणसांमागे एक धरला तरी 200. जागा 35 हजार चौरस मीटर. शाळेचा एक वर्ग 50 चौरस मीटरचा धरला तर त्यात 14 माणसं बसतात, म्हणजे 700 च्या वर वर्गखोल्या लागतील. एवढ्या वर्गखोल्या कुठल्या तालुक्याच्या गावात रिकाम्या पडल्यात? त्यामुळे होतं काय की एका वर्गात 14 च्या जागी 40 माणसं झोपतात, आणि मग तिसऱ्या दिवशी कोणाला तरी जुलाब सुरू होतात.

हे आम्ही घाबरवायला सांगत नाही. अमेरिकेत 2005 मध्ये कॅटरिना वादळानंतर न्यू ऑर्लिन्समधून माणसं बसने ह्यूस्टनला आणली, तिथल्या अ‍ॅस्ट्रोडोम स्टेडियममध्ये आणि शेजारच्या इमारतींमध्ये मिळून 25 हजारांच्या आसपास लोक राहत होते, आणि तिथे नोरोव्हायरसची, म्हणजे उलट्या-जुलाबांची साथ आली. जगातल्या सगळ्यात श्रीमंत देशात, डॉक्टर-नर्सेसची फौज उभी असताना. 2018 मध्ये कॅलिफोर्नियात पॅराडाइज गाव वणव्यात जळालं तेव्हा तिथल्या शेल्टर्समध्येही तोच व्हायरस पसरला. म्हणजे ही काही कोणाच्या अस्वच्छ सवयींची गोष्ट नाही, दाटीची गोष्ट आहे. पण साथ आली की आमच्याकडचे लोक "त्यांनी आणली" म्हणतात आणि आलेले लोक "इथे कसं ठेवलंय आम्हाला" म्हणतात, आणि भांडण तिथूनच सुरू होतं.

दवाखान्याचं अजून एक सांगायचंय, याकडे कोणाचं लक्षच जात नाही. सगळ्यांना वाटतं आपत्तीग्रस्त म्हणजे जखमी. पण जे लांबवरून आमच्यापर्यंत येतात ते बहुतेक जखमी नसतात, ते बीपीची गोळी घरी राहिलेले असतात. शुगरवाले, ज्यांचं इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेवावं लागतं आणि इथे फ्रिज नाही. आठवड्यातून तीनदा डायलिसिस लागणारे. टीबीच्या कोर्समध्ये असलेले. नववा महिना लागलेल्या बायका. त्यांच्याकडे ना फाइल असते ना चिठ्ठी, "पांढरी छोटी गोळी, सकाळी एक" एवढंच सांगतात. आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात डायलिसिसची मशिनं मोजून असतात आणि त्यांच्या वेळा आधीच भरलेल्या असतात, मग कोणाला मागे सारायचं? हा निर्णय तुम्ही कोणावर सोडलाय माहितीये का, ड्युटीवरच्या एका डॉक्टरवर. कॅटरिनाच्या वेळी अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या दवाखान्यांचे रेकॉर्ड कॉम्प्युटरवर होते, त्यामुळे न्यू ऑर्लिन्सच्या माजी सैनिकाची फाइल दुसऱ्या शहरातल्या त्यांच्याच डॉक्टरला उघडता आली, आणि बाकीच्या कितीतरी लोकांची कागदं पाण्यात गेली. एवढं समोर असूनही आज किती ठिकाणी अशी सोय आहे?

शाळा. शाळेचं दुखणं वेगळंच आहे. सगळ्यात आधी तुम्ही शाळा ताब्यात घेता, कारण ती सरकारी असते, तिला छत असतं, संडास असतात आणि मुख्याध्यापकाला नाही म्हणता येत नाही. ठीक आहे, आठवडाभर कोणी काही बोलत नाही. पण महिना झाला, दीड महिना झाला, आमची मुलं घरी, परीक्षा तोंडावर, आणि आलेल्या लोकांची मुलंही घरीच कारण त्यांची शाळा आता त्यांचंच घर झालेली. दोन्हीकडची मुलं बिनशाळेची! त्यापेक्षा शाळा लवकर मोकळी करून दोन पाळ्यांमध्ये सगळ्यांनाच बसवलं तर किती बरं. "बाहेरची मुलं आली की आमच्या मुलांचं नुकसान होतं" असं पालक म्हणतात ते आम्हालाही ऐकू येतं. त्यांना सांगायला उदाहरण आहे, कॅटरिनानंतर ह्यूस्टन आणि लुइझियानाच्या (न्यू ऑर्लिन्स याच राज्यात येतं) शाळांचा नीट अभ्यास झाला आणि तिथल्या मूळच्या मुलांच्या मार्कांवर सरासरी काढली तर फारसा फरक पडलेला दिसला नाही. पण तिथे शाळांना पैसेही दिले गेले होते, प्रत्येक विस्थापित मुलामागे 6 हजार डॉलरपर्यंत आणि अपंग मुलामागे साडेसात हजारापर्यंत. फक्त ते वरातीमागून घोडं होतं, मुलं सप्टेंबरात वर्गात येऊन बसली आणि पैशाचा कायदा झाला डिसेंबर संपता संपता. तोपर्यंत शाळांनी कसं भागवलं असेल ते त्यांनाच माहिती.

आता घरभाड्याकडे येतो, कारण खरा वणवा इथे पेटतो. पॅराडाइजची आग लागली 8 नोव्हेंबर 2018 ला, 85 माणसं गेली, 18 हजारांच्या वर इमारती जळाल्या, आणि शेजारच्या चिको शहराची लोकसंख्या दोन-तीन महिन्यांत वीस टक्क्यांनी वाढली. सरकारी अंदाजच आहे तो. 92-93 हजारांच्या शहरात 19 हजारांच्या आसपास माणसं जास्त. वीस वर्षांत वाढायचं ते एका हिवाळ्यात वाढलं. विकायला असलेली घरं भराभर संपली, किमती चढल्या, रस्त्यांवर गर्दी झाली. आणि मग जे झालं ते कुठेही होईल असंच आहे. ज्यांच्या जळालेल्या घराचा विमा होता ते लोक पैसे मोजायला तयार, घरमालकांना भाव मिळायला लागला, आणि आधीपासून भाड्याने राहणारे तिथलेच काही लोक घर विकलं म्हणून बाहेर पडले. ते कुठल्या यादीत? त्यांचं घर जळालं नव्हतं ना, मग मदत मिळणार कशी.

हे थांबवायला नियम करता येतात. कॅलिफोर्नियातच कायदा आहे की आणीबाणी जाहीर झाली की साधारणपणे 10 टक्क्यांपेक्षा जास्त दर वाढवता येत नाहीत आणि त्यात घरभाडंही येतं. तो सगळीकडे पाळला गेला असं आम्ही म्हणणार नाही, पण निदान बोट दाखवायला कागद तरी आहे. बहुतेक ठिकाणी तेवढंही नसतं. तुम्ही टँकरचे रेट ठरवता, मग भाड्याचं काही का ठरवत नाही?

आणि सगळ्यात नाजूक विषय, ज्यावर सरकारी भाषेत कोणी बोलत नाही. मत्सर. हो, मत्सरच. जपानमध्ये 2011 च्या भूकंप-त्सुनामीनंतर फुकुशिमाच्या अणुभट्टीतल्या अपघातामुळे दीड लाखाच्या वर माणसांना घरं सोडावी लागली, त्यातली 24 हजारांच्या आसपास इवाकी नावाच्या शहरात आली. इवाकी स्वतः त्सुनामीत मार खाल्लेलं शहर, आधीच उल्हास त्यात फाल्गुन मास. सुरुवातीला सगळं छान चाललं होतं. पण अणुभट्टीमुळे घर सोडलेल्यांना ती चालवणाऱ्या कंपनीकडून माणशी महिन्याला एक लाख येन मानसिक त्रासाची भरपाई मिळत होती, आणि शेजारी राहणारा इवाकीचा माणूस, ज्याचं घर लाटेत गेलं, त्याला तसं काही नव्हतं. दवाखान्यात गर्दी वाढली, घरं महागली, रस्ते भरले. आणि 2012 च्या डिसेंबरात कोणीतरी तिथल्या महापालिकेच्या इमारतीवर लिहून ठेवलं, "आपत्तीग्रस्तांनो, परत जा." जपानसारख्या देशात, जिथे लोक रांगेत उभे राहून मदत घेतात म्हणून जगभर कौतुक झालं, तिथे. लांब गेलेल्यांची मुलंही सुटली नाहीत, योकोहामाला गेलेल्या एका शाळकरी मुलाला "तुम्हाला भरपाई मिळते ना" म्हणत त्याच्या वर्गातल्या पोरांनी पैशासाठी छळलं, 2016 मध्ये ते बाहेर आलं आणि सगळा देश हादरला.

यात इवाकीचे लोक वाईट म्हणून मोकळं होता येतं, पण ते फार सोपं आहे. एकाच गल्लीत दोन घरांना दोन वेगळे नियम लावले, आणि त्या दोघांना तसं का आहे हे कोणी समजावून सांगितलं नाही, तर कुठलीही गल्ली अशीच वागेल. शिवाय आलेल्यांची रहिवासी म्हणून नोंद बहुतेक वेळा जुन्याच गावात राहते. ते बरोबरही आहे, गावाचं नाव सोडायला लावणं म्हणजे घर गेल्यावर पत्ताही काढून घेणं. जपानने 2011 च्या ऑगस्टमध्ये कायदा करून नोंद न हलवता नव्या शहरात सेवा मिळायची सोय केली, चांगलं पाऊल होतं. पण कचरा इथे होतो, रस्ता इथला झिजतो, नर्स इथली रात्रपाळी करते, आणि डोकी मोजून जो निधी येतो तो डोकी जिथे नोंदवलीत तिथे जातो. हे कोडं तुम्हालाच सोडवावं लागेल, आम्ही वर्गणी काढून ते सुटणारं नाही.

बरं, आत्तापर्यंत मी छावण्यांबद्दल बोललो. पण खरी मोठी गर्दी छावणीत नसतेच. ती बहिणीकडे असते, मेव्हण्याकडे असते, जुन्या ऑफिसातल्या मित्राकडे असते. हैतीमध्ये 2010 च्या भूकंपानंतर सुमारे 6 लाख माणसं राजधानी सोडून बाहेरच्या भागांत गेली आणि त्यातली बरीचशी नातेवाइकांच्या घरात शिरली. ती घरं आधीच गरीब. पाच माणसांच्या घरात दहा झाली, मग पेरणीसाठी ठेवलेलं बियाणं खाल्लं गेलं, जनावरं विकली गेली, म्हणजे भूकंप जिथे झालाच नाही तिथल्या शेतकऱ्याचा पुढचा हंगाम गेला. आणि मदतीचे ट्रक? ते जास्त करून तिकडेच गेले जिथे तंबू दिसत होते, कारण तंबूंचा फोटो येतो, मेव्हण्याच्या घराचा येत नाही.

असं घर तुमच्या कुठल्या रजिस्टरमध्ये बसतं ते सांगा. छावणीत नाव लिहिलेल्याला रेशन, ब्लँकेट, औषध. ज्याने नातेवाइकाकडे जाऊन तुमचा एक तंबू वाचवला त्याला काहीच नाही, आणि ज्याने त्याला ठेवून घेतलं त्याला तर त्याहून नाही. मग लोक हुशार असतात, छावणीत नाव लावतात आणि झोपायला बहिणीकडे जातात, आणि तुम्ही त्याला "बोगस लाभार्थी" म्हणता. अशा घरांची नोंद घ्या, त्यांच्या वाढलेल्या वीजबिलाला, पाण्याला, धान्याला थोडा हातभार लावा. तंबूंच्या गावापेक्षा ते स्वस्तच पडेल, आणि आलेल्या माणसालाही चार भिंतींची अब्रू राहील.

गुन्हेगारीच्या अफवांबद्दल दोनच वाक्यं. ह्यूस्टनमध्ये नंतर "हे लोक आल्यापासून गुन्हे वाढले" अशी जोरात हवा झाली, अभ्यास झाले तेव्हा परिणाम असलाच तर माफक होता असं दिसलं. पोलिसांनी दर आठवड्याला खरे आकडे सांगितले तर निम्म्या अफवा बंद पडतील, गप्प बसल्यावर मोबाइलवरचे फॉरवर्ड चालतात.

जुन्या कपड्यांबद्दल मात्र बोलायलाच पाहिजे, सॉरी, विषय छोटा आहे पण डोक्यात जातो. आपत्ती आली की लांबलांबचे लोक कपाट रिकामं करतात आणि ट्रक भरून आमच्याकडे पाठवतात. 2004 च्या त्सुनामीनंतर किनाऱ्याकिनाऱ्यावर नको असलेल्या कपड्यांचे ढीग पडले होते. ते उतरवायला, निवडायला, ठेवायला माणसं आणि जागा लागते, आणि ती माणसं म्हणजे तेच दहा-पंधरा कार्यकर्ते जे रात्री पाण्याच्या टँकरमागे पळत होते. कृपा करून पहिल्याच दिवशी जाहीर करा की कपडे नकोत, पैसे द्या किंवा ही ही वस्तू एवढी द्या. तुम्ही सांगितलं तर ऐकतात, आम्ही सांगितलं की माजोरडे ठरतो.

आणि ते कार्यकर्ते, त्यांचंही बघा. पहिल्या आठवड्यात शंभर येतात, दुसऱ्या महिन्यात तेच आठ-नऊ चेहरे उरतात, त्यांना त्यांची नोकरी असते, घरी म्हातारे आई-वडील असतात. त्यांना बदली माणूस द्या, पगारी माणूस द्या. फुकटात चालणारं काम कायम फुकटातच चालेल असं धरून चालू नका.

अजून एक, जे तुमच्या नकाशाच्या रंगांमुळे विसरायला होतं. आम्ही पांढऱ्या भागात असलो तरी कायमचे पांढरे नाही. ह्यूस्टनने 2005 च्या सप्टेंबर सुरू होताना न्यू ऑर्लिन्सची माणसं घेतली, आणि त्याच महिन्यात रीटा वादळ ह्यूस्टनच्याच दिशेने निघालं. अ‍ॅस्ट्रोडोमकडून ज्यांना दुसऱ्या राज्यात हलवलं ती माणसं दुसऱ्यांदा बेघर झाली, आणि मग ह्यूस्टन परिसरातले लाखो लोक एकदम रस्त्यावर आले, तासन् तास गाड्या जागेवर उभ्या, उन्हात, पेट्रोल संपलेलं. शंभराच्या वर माणसं त्या पळापळीतच गेली, वादळाने नाही. आसरा देणारं गावसुद्धा त्याच ऋतूत, त्याच हवामानात राहतं हो. आमची शाळा भरलेली असताना आमच्यावरच वेळ आली तर आम्ही कुठे जायचं, आणि आमच्याकडे आलेल्यांना कुठे पाठवायचं, याची एक तरी ओळ लिहा.

आता म्हणाल, मग तुम्हाला पाहिजे काय. पहिलं म्हणजे खरं बोला. "थोड्या दिवसांत परत पाठवू" हे वाक्य बंद करा. किती दिवस लागतील हे माहिती नसेल तर माहिती नाही म्हणा आणि दर पंधरा दिवसांनी येऊन नवा अंदाज सांगा, आम्हाला पण सांगा आणि आलेल्या लोकांना पण, एकाच वेळी, एकाच हॉलमध्ये बसवून. फुकुशिमातल्या फुताबा गावचे लोक लांब साइतामामधल्या एका बंद पडलेल्या शाळेत राहायला गेले, ती जागा रिकामी झाली 2013 च्या डिसेंबरात. अडीच वर्षांच्या वर, शाळेच्या वर्गात! अडीच वर्षं हे आधी कळलं तर माणूस वेगळं नियोजन करतो, भिंती घालतो, स्वयंपाकघर बांधतो, मुलाला शाळेत टाकतो. महिना म्हणून सांगितलं आणि दर महिन्याला एक महिना वाढवला तर कोणीच काही करत नाही, दोन्हीकडचे लोक फक्त चिडत राहतात.

दुसरं पैसे. आधी द्या. बिलं जमा करा, मग तपासू, मग मंजूर करू, या चक्रात छोट्या नगरपालिकेचा दम निघतो. बस निघाली की माणशी ठरलेला आगाऊ हप्ता इकडच्या खात्यात पडला पाहिजे, हिशोब नंतर मागा, काटेकोर मागा, आम्ही देऊ. आणि जे काही बांधाल, बोअर, टाकी, संडास, दवाखान्याची वाढीव खोली, ते असं बांधा की लोक परत गेल्यावर गावाला वापरता येईल. मग बघा गावाचा सूर कसा बदलतो ते, कारण आज आमच्याकडच्या गरीब माणसाला दिसतं की जिथे वर्षानुवर्षं मागून टँकर आला नाही तिथे पाहुण्यांसाठी दोन दिवसांत आला. त्या टँकरमधून चार हंडे त्यालाही भरू द्या की. मदत छावणीच्या कुंपणापाशी थांबवू नका.

तिसरं म्हणजे आलेल्या माणसांना काम करू द्या. त्यांच्यात शिक्षक असतात, नर्स असतात, गवंडी, इलेक्ट्रिशियन, स्वयंपाकी असतात, आणि आपण त्यांना ओळीत बसवून जेवण वाढतो आणि फोटो काढतो. त्यांच्या शिक्षकाला त्यांच्याच मुलांवर नेमा, त्यांच्या नर्सला आमच्या नर्सच्या जोडीला द्या, पगार द्या. लायसन्स, नोंदणी वगैरे भानगडी असतात ते कळतं, पण त्यासाठीच तर तुम्ही आहात. आणि ज्या माणसाचं घर, दुकान, गल्ली एका रात्रीत गेली त्याला "तुम्ही फक्त बसून राहा" म्हणणं यासारखी शिक्षा नाही.

जनावरांचंही लिहा प्लॅनमध्ये. बरीच माणसं कुत्रं, गाय, शेळी सोडायची नाही म्हणून घरातून निघतच नाहीत. कॅटरिनानंतर अमेरिकेत 2006 मध्ये खास कायदा झाला की स्थानिक प्लॅनमध्ये पाळीव प्राण्यांची सोय असलीच पाहिजे. आणि समजा निघाली बरोबर घेऊन, तर इकडे त्यांना बांधायचं कुठे आणि चारा कुठला?

शेवटचं एकच मागणं. तुम्ही मॉक ड्रिल करता. सायरन वाजतो, शाळेतली मुलं खोटी खोटी जखमी होतात, बस भरते, गावाच्या वेशीपर्यंत जाते आणि वळून परत येते, मग टाळ्या. पुढच्या वेळी बस वळवू नका. आमच्यापर्यंत आणा. रात्री साडेअकरा वाजता, पावसात, न सांगता. उतरवा ती पन्नास माणसं आणि बघा शाळेच्या हॉलची किल्ली कोणाकडे आहे, मोटर चालू करणारा माणूस फोन उचलतो का, व्हीलचेअर त्या पायऱ्यांवरून चढते का, लहान बाळाला दूध द्यायला बाईला आडोसा कुठे मिळतो, आणि रजिस्टरमध्ये नाव लिहायला पेन आहे का. पाणी खात्याचे, शाळेचे, दवाखान्याचे, पोलिसांचे आणि आमच्यातले दोन-चार जण त्या रात्री तिथे असू द्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांनी एकत्र बसून काय काय फसलं ते लिहून काढू. अशी ड्रिल करायची तयारी असेल तर महिना कुठला ते तेवढं कळवा, तारीख नका सांगू.

आपले,
आसरा देणाऱ्या गावांतले आणि शहरांतले रहिवासी